बिनकाट्याचं कालवण

माझं लग्न माशांनी जमवलं, असं मी सांगते तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मी त्यात पदरचं काही घालत नाही.

माझं माहेर शिरूरचं, घोड नदीच्या अंगाला. वडील मी कळती व्हायच्या आधीच गेले, घरात आई आणि मामा. मला बघायला दौंडहून पाहुणे येणार होते दुपारी. आईनं सकाळपासून लकडा लावला होता, साडी नेस, पावडर लाव, वेणी घाल. पण त्याच सकाळी मामानं नदीवरून पाटीभर मासळी आणून टाकली. उन्हाचे दिवस, ती तशीच ठेवली असती तर दुपारी पाहुण्यांना वासानंच वाटेला लावलं असतं. म्हणून मी परसातल्या खरबरीत दगडापाशी बसले, कोपरापर्यंत राख, अंगावर जुनं पातळ, आणि पाहुणे कुणाच्या तरी ट्रकमधून वेळेच्या कितीतरी आधी येऊन उभे.

आई आत पळापळ करते तोवर नवऱ्याचे वडील पाय धुवायला परसात आले. उंच, काळेसावळे, रेल्वेत गँगमन. सगळे त्यांना आबा म्हणायचे. पाय धुवायचे राहिले बाजूला, ते माझ्याकडं बघत उभे राहिले.

आता ही मासळी म्हणजे काय ते सांगते. बोटाएवढे नदीतले मासे. कोळ्याभोयांकडं त्यांना वेगवेगळी नावं असतील, आमच्या घरात सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, बारकी. बारकी एकेक करून साफ करत बसलात तर संपलंच. मूठभर घ्यायची, राखेत घोळायची, दगडावर तळहातानं गोल गोल फिरवायची. खवलं सुटतात. मग एकेकीच्या गळ्याखाली अंगठ्याचं नख लावायचं आणि दाबायचं, पोटातली घाण एका दाबात बाहेर. दोन दाब लागले तर हात कच्चा समजायचा.

“इतकी मासळी करायला किती येळ लागतो गं पोरी?” आबांनी विचारलं.

मी मान वर न करता म्हणाले, “मधी कुणी बोलत उभं राह्यलं न्हाई तर लवकर होती.”

मागं दारात आईनं कपाळाला हात लावला. आबा मात्र असे हसले की मामा बाहेर आला. मग पाय न धुताच आत गेले आणि म्हणाले, “पोह्यांचं ऱ्हाऊ द्या. पोरगी बघून झाली आमची. कालवण झालं की जेवूनच जातो.”

झालं. विहारासमोर मांडव पडला आणि मी दौंडला आले.

घर रेल्वे लायनीच्या पलीकडं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात आबा, आमचे हे आणि धाकटा दीर. आबा ड्यूटी संपली की ओसरीतल्या खिळ्यावरचं फेकायचं जाळं खांद्यावर टाकायचे आणि भीमेला जायचे. अंधार पडायच्या आत ओली पिशवी घेऊन परत. मग मी मागच्या दगडावर राख घेऊन बसायची आणि ते पायरीवर. हा माणूस दिवसभर चार शब्द बोलत नसे. पण मी बारकी घासायला लागले की त्यांना तोंड फुटायचं. उन्हाळ्यात रूळ कसे फुगतात, पावसात खडी कशी खचते, त्यांची आई कालवणात चिंच किती घालायची. मी मधे मधे त्यांच्यावर खेकसायची, “आबा, पाय घ्या वर, पाणी येतंय.” तेही त्यांना आवडायचं.

जेवताना ते काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवायचे. कुणी पाहुणा आला की म्हणायचे, “बारकी खावी तर आमच्या थोरलीच्या हातची.” एवढंच. पण ते वाक्य माझं होतं. मला बाप नव्हता, सासू नव्हती, नवरा बरा पण मुखदुर्बळ. त्या घरात माझं म्हणून काही असेल तर आबांचं ते एक वाक्य. दागिना असता तर मी पेटीत कुलूप लावून ठेवला असता.

आणि मग धाकटी आली.

दिराला रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागली, त्यानं कारेगावात खोली घेतली. त्याच कंपनीत एक कोकणातला माणूस होता, त्याची भाची याला मिळाली. मुलगी रत्नागिरीकडची, समुद्राच्या अगदी तोंडावर घर. भाऊ मासे धरायच्या लाँचवर कामाला. गोरी नव्हती, काही नव्हती, पण हसायची छान. आवाज मऊ. ‘ताई, ताई’ करत मागं मागं. ती वाईट असती तर किती बरं झालं असतं! मला रागवायला सोपं गेलं असतं. पण तिच्यात काढायला म्हटलं तर खोट सापडेना, आणि त्याचाच मला राग.

लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा दौंडला मुक्कामाला आली ती थर्माकोलची पेटी घेऊनच. तिच्या भावानं बर्फात घालून मासा पाठवला होता. झाकण काढलं तर आत हातभर लांब, राखाडी, थोराड काहीतरी पडलेलं. तोंड खालच्या अंगाला, डोळे मांजरासारखे.

“मोरी,” धाकटी म्हणाली. “आमच्याकडं याचं मटणासारखं करतात.”

मी थोरली. नव्या नवरीनं चुलीपाशी बसावं आणि मी बघत राहावं, हे मला कसं चालेल? म्हणाले, “तू बस गं. माझ्या हातचा मासा या घरात सगळे खातात.” आणि उचलला, नेला मागं दगडावर, ओंजळभर राख टाकली आणि घेतला घासायला.

अगं बाई गं! त्याचं कातडं म्हणजे सुताराचा पॉलिशपेपर. शेपटीकडून डोक्याकडं जोरात हात फिरवला आणि तळहाताचं सालपट निघालं. खवलं काही निघेनात. मी म्हटलं, राख कमी पडली. अजून राख, अजून जोर. रक्तात राख गेली आणि हात असा चुरचुरायला लागला की डोळ्यात पाणी. तरी सोडते का मी.

धाकटी धावत आली. “ताई, ओ ताई, असं नाय हो. त्याला खवलं नसतात. गरम पाणी ओतायचं, म्हणजे कातडं सुटतं.” तिनं पातेलं आणलं, वरून उकळतं पाणी ओतलं, सुरीच्या पाठीनं खरवडलं आणि ती राखाडी साल सुटत गेली.

पायरीवर आबा बसले होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “थोरले, राख लावून कुणाला घासतीस? ती काय बारकी हाय?”

मला बघायला आले तेव्हा हसले होते ना, तेच हसू. त्या दिवशी हसले होते माझ्या बाजूनं आणि आज माझ्यावर. मी हाताला हळद लावली आणि गप्प बसले. गप्प बसले म्हणजे रात्री भांडी घासताना दोन पातेल्यांना पोचे पाडले.

जेवताना तर कहर. आबांनी पहिला घास तोंडात घेतला, सवयीनं जिभेनं काटा शोधला, थांबले, पुन्हा शोधला. “काटं कुठं गेलं?”

“मोरीला काटा नसतो आबा,” धाकटी म्हणाली. “मऊ मऊच असतं सगळं.”

“आँ? काटा न्हाई? एवढा मोठा मासा आन् काटा न्हाई?” लहान पोरासारखे ते ताटात चाचपून बघायला लागले. कौतुकाला नुसता ऊत आला. मी भाकरी थापत होते. ती भाकरी जरा जास्तच थापली गेली, चिरली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढं आमच्या आळीत केबल आली. जनावरांचं एक चॅनल लागायचं, त्यात एकदा समुद्रातला शार्क दाखवला. जबडा दाराएवढा, दातांच्या ओळीमागं ओळी, पाण्यातून उसळून होडीच हलवत होता. आबा टीव्हीच्या पुढ्यात सरकत सरकत इतके जवळ गेले की आमच्या ह्यांनी त्यांना मागं ओढलं. धाकटी आलेली होती. आबांनी विचारलं, “हाच का गं तुझा मासा?”

“त्याच जातीतला, आबा. पण हा खूप मोठा. आपण खातो ती बारीक जात.”

आबांनी ‘त्याच जातीतला’ एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पारावर सांगायला सुरुवात. माझ्या धाकट्या सुनेचा भाऊ असला मासा धरतो म्हणे. माणसं खाणारा मासा आम्ही खातो म्हणे. रेल्वेतून रिटायर झालेले दहा-बारा म्हातारे तोंड वासून ऐकायचे. मी पाण्याला जाता-येता ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सगळ्यात जास्त लागायचं ते तुलना करायचे तेव्हा. “आपली बारकी बघा,” आबा म्हणायचे, “तिला दात तरी हाय का? शेवाळ खाती, किडं खाती, बगळा आला की मेली. आन् त्यो? त्याच्या पुढ्यात कोण येतंय? राजा हाय त्यो पाण्याचा.”

एक दिवस मला राहवलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, “आबा, तुमच्या राजाला म्हणावं, ये दौंडला. उन्हाळ्यात भीमा आटती, घोट्याएवढं डबकं ऱ्हातं, त्यात राहून दाखव. मरंल दुपारपर्यंत. आमची बारकी त्यात पोरंबाळं वाढवती.”

“व्हय, पर...”

“आन् टीव्हीवाला काय म्हणाला ते न्हाई सांगितलं तुम्ही पारावर. त्यातल्या कितीकांना थांबता येत न्हाई म्हणं. पोहायचं थांबलं की जीव घाबरा. झोपायची सोय न्हाई. तो कसला राजा? तो तर रोजंदारीवर हाय.”

आबा हसले, पण धाकटीकडं बघून. “बघ गं, थोरली भांडाया लागली तुझ्या माशासंगं.” धाकटीही हसली. मला काय वाटलं असेल? मी खरंच भांडत होते. त्या माशाशीच भांडत होते. माणसाशी भांडायला काही कारण नव्हतं.

मग आला तो जबडा. धाकटीचा भाऊ स्वतः घेऊन आला, सुकवलेला, पांढरा, नारळ आरपार जाईल एवढा. दात जसेच्या तसे. आबांनी तो दोन्ही हातांत धरून उन्हात फिरवून फिरवून बघितला. आणि ओसरीत नेऊन टांगला. कुठं? तर ज्या खिळ्यावर त्यांचं जाळं असायचं त्या खिळ्यावर.

जाळं खाली पडलं होतं. मी उचललं. “हे कुठं ठेवू आबा?”

“ठेव कुठंबी. आता कुठं जातोय म्या नदीला.”

ते खरंही होतं. गुडघे गेले होते, आणि भीमेचं पाणीही तसलंच झालं होतं, वरून सगळी घाण येते, चिलापीशिवाय फारसं काही गावत नसे. पण माझ्या मनात आलं, ही म्हणायची पद्धत झाली का? मी ते जाळं धुऊन, वाळवून, घडी करून पिठाच्या डब्यामागं ठेवलं. तिथं तरी कुणी जबडा टांगणार नव्हतं.

तरी बाजारात बारकी दिसली की मी आणायची. पुलाकडं एक बाई पाटी घेऊन बसायची, तिच्याकडं कधी कधी मिळायची. मी करायची, आबा खायचे, पण आता काटे ओळीनं लावत नसत. दात पडत चालले होते. काटा सापडला की तोंड वेडंवाकडं करून काढायचे, आणि बाजूला नुसता टाकायचे.

एकदा शेजारचे आप्पा जेवायला होते. आबा त्यांना शार्कची गोष्ट सांगत होते, हात पसरून, होडी कशी हलवली ते दाखवत, आणि तोंडात माझी बारकी. लागला काटा. घशात. आबांचा चेहरा लाल, डोळे बाहेर. सुक्या भाकरीचा गोळा गिळवला, केळं दिलं, पाठीत बुक्क्या घातल्या. काही नाही. शेवटी रिक्षात घालून डॉक्टरकडं. डॉक्टरनं चिमट्यानं काढला आणि कापसावर ठेवून आम्हाला दाखवला. केसासारखा एवढासा. त्या एवढ्याशा काट्यानं माझं सगळं मोडलं.

दीर कारेगावहून तातडीनं आला. धाकटीही. दीर मला म्हणाला, आवाज चढवून नाही पण ठामच, “वहिनी, आता ते काटेरी मासे बंद करा. त्यांच्या वयाला मोरीच बरी. आम्ही पाठवत जाऊ.”

आमचे हे माझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. आबाही नाहीत. धाकटीच तेवढी म्हणाली, “ताईंचा काय दोष त्यात?” तिचंच तोंड मला त्या वेळी बघवेना. माझी बाजू घ्यायचा मानही तिनंच घ्यायचा होता का?

पेट्या यायला लागल्या. धाकटी करून डब्यातून पाठवायची, नाहीतर येऊन करायची. आबा पारावर सांगायचे, “मोरीला काटा नसतो. बिनघोर खावा.” मी बारकी आणायची बंद केली. मागच्या दगडावर कपडे धुवायला लागले.

मग आबांचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू, दोन्हीकडं. डाव्याचं ऑपरेशन झालं, त्यावर पट्टी. उजव्यातला अजून पिकायचा होता, त्यातून माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही, जोरात चावायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. धाकटी मुक्कामाला आली. पहिल्याच दिवशी मी थेंब घालायला गेले तर आबा म्हणाले, “धाकटीला बोलव. तिचा हात हलका हाय.”

हलका हात! माझ्या हाताची पसंती करून मला आणलं होतं या माणसानं.

त्यानंतर थेंब ती घालायची, ताट ती न्यायची, शेजारी बसून भात कालवून ती द्यायची. मी मागं. मी चुलीपाशी, मी न्हाणीपाशी, मी भांड्यांपाशी. आणि मी भांडी हळू ठेवत नाही. कधीच ठेवली नाहीत. आमच्या ह्यांनी एकदा डोकं आत घालून विचारलं, “काय झालं गं?” मी म्हणाले, “काय व्हायचंय? हात जड हाय माझा.”

सांगते, मी जळत होते. चांगली जळत होते, तोंडाला चव नव्हती, झोप नव्हती. बाई इतकी मोठी झाली, पोरं शाळेत जातात, आणि एका म्हाताऱ्या माणसानं आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागलाय, यात लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुलाकडं गेले आणि त्या बाईच्या पाटीत बारकी दिसली. चमचमती, ताजी. मी सगळी पाटी घेतली. घरी आले तेव्हा धाकटी पिशवी घेऊन बाहेर पडत होती. औषधं संपली होती आणि तिला भाजीही आणायची होती. “जेवायला उशीर झाला तर आबांना वाढाल ना ताई?” ती म्हणाली. मी म्हटलं, “वाढते.” मनात म्हटलं, वाढतेच बघ.

दगडावरचे कपडे उचलले. राख घेतली. बारकी घासली, अंगठ्याखाली एकेक दाबली, एका दाबात, हात अजून कच्चा झालेला नव्हता. मग हळद-मीठ लावून झाकणाखाली जराशी वाफवली. आणि मग दारातल्या उजेडात बसले आणि काटे काढायला लागले.

बोटाएवढ्या माशाचे काटे कुणी काढतं का? वेड्याचं काम. शेपटी धरायची, कण्यावरून मांस सुटं करायचं, मग चिमटीत घेऊन चाचपायचं. कण्याचे काटे दिसतात, पण मधले जे केसासारखे असतात ते दिसत नाहीत, बोटालाच लागतात. एकेक बारकी घ्यायची, चाचपायची, पुन्हा चाचपायची. पाठ भरून आली. शेजारचं मांजर येऊन बसलं, त्याला काटे मिळत गेले. पाटीभर मासळीचं वाटीभर झालं. मोरीला निसर्गानं काटा दिला नाही, त्यात तिची काय मोठी करामत? माझ्या बारकीचे काटे मी काढले होते.

मसाला माझाच, काळा. लसूण, कोथिंबीर, चिंचेचा कोळ बेतानं. उकळी आल्यावर मांस शेवटी सोडलं, हलवलं नाही. भात मऊ केला. धाकटी अजून आली नव्हती.

आता एक सांगायला हवं. मी ताट ठेवते ते आदळून. सवय आहे, त्यात राग असतोच असं नाही. पण त्या दिवशी मला आबांना काही आधी कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी खावं, जिभेनं काटा शोधावा, सापडू नये, आणि मग त्यांनी विचारावं, ‘थोरले, हे काय केलंस?’ म्हणून मी पाय न वाजवता गेले, ताट अलगद ठेवलं, त्यांचा हात धरून भातावर नेला आणि शेजारी बसले. बोलले नाही. परीक्षेला बसल्यागत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

आबांनी पहिला घास घेतला. थांबले. जीभ गालातून फिरली. दुसरा घास. बोटांनी ताटात चाचपलं, अंगठ्यानं मांस चुरडून बघितलं. तिसरा घास. आणि मग मान हलवायला लागले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आज मोरी लई ग्वाड लागली गं, धाकटे.”

मी तांब्याला हात घातला.

“मसाला थोरलीचा घेतलास व्हय? कळतंय मला. बरं केलंस.” आणखी एक घास. “पर खरं सांगू का? इतकी वर्सं थोरलीच्या हातचं खाल्लं म्या. असलं तिला कवा जमलं न्हाई.”

माझा हात तांब्यावर होता. तो तांब्या उचलून भिंतीवर फेकावा असं वाटलं. ‘अहो आबा, मी हाय, मी! ही बारकी हाय!’ असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडावं. श्वास घेतलाही. पण त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

“ए, तिला सांगू नगंस हां. लई मनाला लावून घेती. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय की, मागं भांडी कशी आपटती ती. तिला वाटतंय, म्या तिला इसारलो.” त्यांनी घास गिळला. “अगं, पाटी भरून मासळी म्होरं, हातभर राख, आन् पहिल्याच दिशी माजं तोंड गप केलं पोरीनं. तवाच म्हनलं, ही माजी. आता दात न्हाईत माज्या तोंडात, त्याला ती काय करील? तिची बारकी खायाला मिळत न्हाई म्हून म्या मोरी खातो. पर हे तिला कसं सांगायचं? डोक्यात राख घालून घेती लगेच.”

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ते त्यांनी धाकटीला सांगितलं. त्या वेळी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता, आणि ती बिचारी तर बाजारात भाजी निवडत होती.

“सांगनार न्हाईस न्हवं?” आबांनी मनगट हलवून विचारलं.

मी पदरानं तोंड पुसलं. घसा साफ केला, आणि आवाज जमेल तेवढा मऊ केला.

“नाय सांगत, आबा,” मी म्हणाले. मग त्यांना आणखी वाढलं, पळी भांड्याला लागू न देता.